बवाजाने काय दिलं?

मी मराठीत ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्या लिहिते. माझे नायक-नायिका उपासनेला जातात, देवाशी भांडतात, गुडघे टेकतात आणि शेवटी त्यांचं लग्न होतं. त्यातही जात, भाषा किंवा पंथ वेगळा असलेल्या दोघांची गोष्ट मला जास्त ओढ लावते. अशी गोष्ट सुचली की नावं, गावं ठरवण्याआधी मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: या दोघांपैकी कोण काय सोडणार आहे?

हा प्रश्न मला रूथच्या पुस्तकाने दिला. पवित्र शास्त्रातलं हे पुस्तक अवघं चार अध्यायांचं. रूथ मवाबी, आणि मवाब्यांना तर दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत जागा नाही, असा नियम अनुवादाच्या पुस्तकात आहे. नवरा मेल्यावर तिने देश सोडला, माहेर सोडलं, माहेरचे देव सोडले आणि सासूच्या मागोमाग ती बेथलेहेमला आली. उपदेशात बहुतेक वेळा इथवरचीच रूथ ऐकायला मिळते. मला मात्र चौथा अध्याय पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. तिच्या मेलेल्या सासऱ्याचा नातलग बवाज सकाळी वेशीत जाऊन बसतो, गावातल्या दहा वडिलांना बसवतो आणि ज्याचा पहिला हक्क आहे त्या जवळच्या नातलगाला थांबवतो. सासऱ्याची जमीन सोडवून घ्यायला तो नातलग लगेच तयार होतो. पण जमिनीबरोबर मवाबी विधवाही येणार, असं कळताच मागे सरतो. आपल्या वतनाचं नुकसान होईल, असं तो म्हणतो. शास्त्राने त्याचं नावसुद्धा नोंदवलेलं नाही. तो ज्याला नकार देतो तेच बवाज पत्करतो. जमिनीवर आणि वंशावर नाव राहणार रूथच्या मेलेल्या नवऱ्याचं, हे पंचांसमोर मान्य करून तो तिच्याशी लग्न करतो. त्याआधीच्या अध्यायातल्या खळ्यावरच्या रात्रीत प्रणय आहेच. पण मी त्या गोष्टीवर विश्वास ठेवते तो वेशीतल्या या सकाळमुळे. सुस्थितीतल्या, मानाच्या माणसानेही तिथे काहीतरी दिलं, आणि चारचौघांत दिलं. एक गोष्ट मात्र मला खुपते. ज्या अध्यायात रूथचं आयुष्य ठरतं, त्यात तिच्या तोंडी एकही शब्द नाही.

ख्रिस्ती प्रेमकादंबरीचा मोठा बाजार अमेरिकेत आहे. कॅनडाच्या जॅनेट ओक यांची 'लव्ह कम्स सॉफ्टली' १९७९ साली अमेरिकेतल्या बेथनी हाउसने काढली, आणि असा वाचकवर्ग केवढा आहे हे प्रकाशकांना कळलं. १९९७ साली हार्लेक्विननेही 'लव्ह इन्स्पायर्ड' ही मालिका सुरू केली. या पुस्तकांचे संकेत ठरलेले आहेत: लग्नाआधी शय्या नाही, शिवीगाळ नाही आणि लग्नाच्या वेदीपाशी पोहोचेपर्यंत दोघंही विश्वासणारे झालेले. शेवटच्या संकेतामागे करिंथकरांस दुसऱ्या पत्रातली, विश्वास न ठेवणाऱ्यांशी विजोड न होण्याची आज्ञा आहे, आणि मी ती मानते. पण लिहिताना तिथेच अवघड होतं. नायकाला प्रेम आणि तारण एकाच प्रकरणात मिळालं, तर तो देवाकडे आला की मुलीकडे, हे वाचकाला कसं कळावं? फ्रान्सिन रिव्हर्स यांनी 'रिडीमिंग लव्ह'मध्ये (१९९१) हा पेच फार धीराने सोडवला आहे. संदेष्टा होशेय आणि त्याची अविश्वासू बायको गोमेर यांची शास्त्रातली कथा त्यांनी कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या शोधाच्या काळात नेली. त्यांची नायिका नवऱ्याला सोडून निघून जाते, काही वर्षं सॅन फ्रान्सिस्कोत राहते, आणि तिचा विश्वास तिथे, तो जवळ नसताना उभा राहतो. मग ती आपल्या पायांनी परत येते. ती मधली वर्षं काढून टाकली तर पुस्तक कोसळेल.

उलट दिशेची उदाहरणंही मी जवळ ठेवते. केट ब्रेस्लिन यांच्या 'फॉर सच अ टाइम'मध्ये (२०१४) पवित्र शास्त्रातल्या एस्तेरची कथा नाझींच्या टेरेझिन छावणीत घडते. नायिका यहुदी आणि नायक छावणीचा एसएस अधिकारी. पुढच्या वर्षी ते पुस्तक अमेरिकेतल्या प्रणयकथा-लेखकांच्या संघटनेच्या पुरस्काराच्या अंतिम यादीत आलं आणि यहुदी वाचकांनी संताप व्यक्त केला. २०२१ मध्ये त्याच संघटनेने कॅरेन विटमायर यांच्या 'अ‍ॅट लव्ह्ज कमांड'ला दिलेला पुरस्कार मागे घेतला. त्या कादंबरीचा नायक घोडदळातला अधिकारी. १८९० च्या वुंडेड नी इथल्या लाकोटांच्या कत्तलीत त्याचा हात आहे, आणि पुढे पश्चात्तापातून त्याला नवं आयुष्य मिळतं. कोणत्याही पाप्याला क्षमा मिळू शकते, यावर माझी श्रद्धा आहे. पण मेलेल्यांच्या वतीने ती क्षमा लेखिकेने परस्पर देऊन टाकू नये. तिथे नायकाचं ओझं उतरतं, नायिकेला नवरा मिळतो, आणि किंमत मोजलेली असते ती ज्यांना पुस्तकात बोलायला जागाच नाही अशा माणसांनी.

कोण काय सोडणार, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ ची. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात, तिच्यातच विधवेचं दुःख, ख्रिस्ती विश्वास आणि पुनर्विवाह एकत्र आलेले आहेत. पण माझी खरी शाळा कादंबरी नव्हे, ती लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे'. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई मागे राहिल्या. नवरा जिवंत, प्रेम शाबूत, आणि मध्ये सोवळं. पुढे त्या टिळकांजवळ राहायला आल्या, तरी अन्नपाणी वेगळं. जात माणसांनी केलेली आहे, तेव्हा आता कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं, हा निश्चय त्यांनी स्वतःच्या विचाराने केला, आणि तोही बाप्तिस्म्याच्या आधी. टिळकांनी समजावलं म्हणून त्या बदलल्या, असं त्यात कुठेही वाटत नाही. प्रेमकथा लिहिणाऱ्या प्रत्येकीने हा क्रम नीट पाहावा. माणूस पाण्याच्या घोटापाशी बदलतो आणि संस्कार नंतर येतो.

सध्या मी जी कादंबरी लिहिते आहे तिच्यात दोघंही ख्रिस्तीच आहेत, आणि तरी अंतर मोठं आहे. मुलगी नगरकडची, परिचारिका. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला काम सुरू केलं. पुढे तिथल्या महार-मांग वस्त्यांतून जी मंडळी उभी राहिली, त्यांतलं तिचं घराणं. मुलगा वसईचा, सामवेदी कॅथलिक. पोर्तुगीज काळात बाटलेलं त्याचं घराणं. घरात कादोडी बोलतात आणि पूर्वजांच्या ब्राह्मण्याची आठवण अजून जपतात. दोघांचा प्रभू एक, वधस्तंभ एक. पण मुलाच्या आजीला पहिला प्रश्न पडतो तो मुलीच्या मूळ जातीचा. हे लिहिताना माझा हात अडखळत नाही. मंडळीत जात नाही, असं म्हणणाऱ्या कादंबरीवर आमच्या मंडळीतलं कोणी विश्वास ठेवणार नाही.

मुलीच्या घराण्याने तर आधीच बरंच मोजलेलं आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात आधी जवळजवळ फक्त हिंदू होते. १९५६ मध्ये सगळे शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आजही नाहीत. तिच्या ख्रिस्ती न झालेल्या चुलत भावंडांना जातीचं जे प्रमाणपत्र मिळतं ते तिला मिळत नाही. वस्तीतला अपमान मात्र दाखला पाहून थांबत नाही. म्हणून आणखी काही सोडायची पाळी तिच्यावर आणायची नाही, हे मी ठरवलं आहे. नातू झाला आणि सासूचं मन वळलं, हा शेवटही मला नको. त्यात मुलाला काहीच करावं लागत नाही, सगळं बाळंतपणावर ढकललं जातं.

त्याऐवजी मी धर्मगुरूंच्या कार्यालयातला प्रसंग मोठा करते आहे. कॅथलिक माणसाने दुसऱ्या पंथाच्या ख्रिस्ती व्यक्तीशी लग्न करायचं तर धर्माधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि मुलांना कॅथलिक पद्धतीने वाढवायला आपल्या परीने सर्व करीन, असं वचन द्यावं लागतं. वचन कॅथलिक पक्ष देतो. दुसऱ्याला ते फक्त कळवलं जातं. मुलगा कागदावर सही करायला वाकतो, तेव्हा ती फादरना विचारते, "माझ्या आज्ज्यानं ज्या देवळात बाप्तिस्मा घेतला, तिथं पोरांना कधी न्यायचं, ते पण लिहाल का?" फादर भले आहेत, त्यांना उत्तर द्यायचं आहे, पण छापील कागदावर तशी ओळ नाही. मुलगा पेन खाली ठेवतो. लग्नाआधी नावं जाहीर होतील तेव्हा तिच्या गावाचं आणि तिच्या मंडळीचं नाव माझ्या पॅरिशमध्ये मोठ्याने वाचा, असं तो सांगतो. आजी पुढच्याच बाकावर बसते, हे त्याला ठाऊक आहे. वाडीतला त्याचा हिस्सा आजीच्या शब्दावर अवलंबून आहे, हेही ठाऊक आहे. तो हिस्सा जातो की राहतो, हे मी अजून लिहिलेलं नाही. तो जाऊ शकतो हे माहीत असताना त्याने ते वाक्य उच्चारलं, एवढं या प्रकरणात आलं की मला पुढे जाता येईल.