माहिती मिटवा, वस्तू वाचवा

१ फेब्रुवारी २००३ रोजी 'कोलंबिया' हे अंतराळयान पृथ्वीवर परतताना टेक्सासच्या आकाशात फुटलं. कल्पना चावलासह सातही अंतराळवीर गेले. यानाचे अवशेष दूरवर विखुरले. काही महिन्यांनी एका कोरड्या पडलेल्या तळ्यात त्यातली एक हार्ड डिस्क सापडली. बाहेरून जळालेली, सील वितळलेलं, आत माती शिरलेली. झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाच्या नोंदी तिच्यावर होत्या. अमेरिकेतल्या मिनेसोटा इथल्या तंत्रज्ञांनी तिच्या तबकड्या काढून साफ केल्या, दुसऱ्या डिस्कच्या सांगाड्यात बसवल्या आणि तिच्यावरची सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळवली. त्या प्रयोगाचा शोधनिबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला.

मी जुन्या हार्ड डिस्क निकामी करण्याच्या व्यवसायात आहे. बँका, हॉस्पिटलं, सॉफ्टवेअर कंपन्या, सरकारी कार्यालयं यांच्याकडून बाद झालेले संगणक आणि सर्व्हर पुण्याजवळच्या आमच्या युनिटमध्ये येतात. कामावर नव्यानं येणाऱ्या मुलामुलींना मी कोलंबियाची हकिकत आवर्जून सांगते. अंतराळातून कोसळून, जळून, मातीत पडूनही जी माहिती टिकली, ती भंगाराच्या पोत्यात आपोआप मरेल असं समजणं धोक्याचं आहे, हे त्यांच्या मनावर ठसायला हवं.

हार्ड डिस्कच्या पेटीत ॲल्युमिनियमच्या किंवा काचेच्या आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. त्यांच्यावर कोबाल्टच्या मिश्रधातूचा अतिशय पातळ चुंबकीय थर असतो. घरगुती संगणकात या तबकड्या साधारणपणे मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि वाचणारं-लिहिणारं हेड त्यांच्यावरून जेमतेम काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. माहिती म्हणजे त्या थरातल्या सूक्ष्म चुंबकीय ठिपक्यांची दिशा. वीज गेली, संगणक बिघडला, हेड तुटलं, तरी ती दिशा तशीच राहते. 'डिलीट' म्हटल्यावर संगणक फक्त ती फाइल कुठे आहे याची नोंद काढतो आणि ती जागा पुढे वापरायला मोकळी धरतो. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून शिवारातली जमीन जागची हलत नाही, तसंच हे. 'क्विक फॉरमॅट'नंही याहून फार वेगळं काही होत नाही.

याचा अर्थ काय होतो, ते सिमसन गारफिंकेल आणि अभि शेलत या एमआयटीतल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवून दिलं. त्यांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यातल्या १२९ चालू होत्या, आणि नीट पुसलेल्या निघाल्या अवघ्या १२. उरलेल्यांवर पाच हजारांहून जास्त क्रेडिट कार्डांचे क्रमांक, आजारपणाच्या नोंदी, खासगी पत्रं असं बरंच काही मिळालं. एक डिस्क तर एटीएम यंत्रातली होती. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात सेकंड-हँड डिस्क हाताळताना मला हा अभ्यास आठवतो.

मोठ्या संस्थांनाही हे चुकलेलं नाही. मॉर्गन स्टॅनली या बलाढ्य वित्तसंस्थेनं डेटा सेंटरमधली जुनी यंत्रं हलवायचं काम सामान वाहून नेणाऱ्या एका कंपनीला दिलं. डेटा नष्ट करण्याचा त्या कंपनीला काहीच अनुभव नव्हता. यंत्रं पुढे विकली गेली आणि काही डिस्क ग्राहकांच्या माहितीसकट इंटरनेटवरच्या लिलावात पोचल्या. सुमारे दीड कोटी ग्राहकांच्या माहितीचा प्रश्न होता. अमेरिकेच्या रोखे नियामकानं सप्टेंबर २०२२ मध्ये त्यासाठी साडेतीन कोटी डॉलरचा दंड लावला. यात कोणी हॅकर नव्हता. माल कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेला, याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता, एवढंच.

म्हणून आमच्याकडे यंत्रांपेक्षा यादीला जास्त मान आहे. ग्राहकाच्या आवारातच प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक स्कॅन होतो, डिस्क कुलूपबंद पेटीत जाते, पेटीला क्रमांकाचं सील लागतं. युनिटमध्ये कॅमेऱ्यासमोर सील तोडून तेच क्रमांक पुन्हा जुळवले जातात. एकही डिस्क कमी भरली तर पुढचं काम थांबतं. शेवटी जे प्रमाणपत्र देतो, त्यावर 'इतके किलो भंगार नष्ट केले' असा मोघम मजकूर चालत नाही. प्रत्येक अनुक्रमांक आणि त्याच्यापुढे काय केलं, कधी केलं, कोणी तपासलं, हे लिहिलेलं असावं लागतं. किलोच्या हिशेबात एक डिस्क सहज लपते.

आता नष्ट करण्याच्या रीतींकडे येते. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेची ८००-८८ क्रमांकाची मार्गदर्शिका जगभर वापरली जाते. तिनं या कामाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली म्हणजे डिस्कच्या सगळ्या जागेवर नवं काहीतरी लिहून जुनं पुसणं. दुसरी, प्रयोगशाळेतली साधनं वापरूनही माहिती परत येणार नाही अशा रीतीनं पुसणं. तिसरी, वस्तूच मोडून टाकणं.

पुसण्याबद्दल एक जुना समज अजून ऐकू येतो, की पस्तीस वेळा लिहिल्याशिवाय माहिती जात नाही. हा आकडा पीटर गटमन यांच्या १९९६ च्या निबंधातला आहे आणि तो त्या काळच्या निरनिराळ्या डिस्कसाठी होता. आजच्या डिस्कना त्याची गरज नाही, हे पुढे गटमन यांनी स्वतःच स्पष्ट केलं. चालू स्थितीतल्या हार्ड डिस्कवर पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्या ठिपक्यापर्यंत एकदा लिहिणं आणि ते खरोखर लिहिलं गेलं का हे तपासणं, एवढं पुरतं. एक टेराबाइटच्या डिस्कसाठी याला काही तास लागतात. यंत्र आपलं काम करत राहतं, माणसानं जवळ बसावं लागत नाही.

दुसरं साधन डिगॉसर. प्रचंड ताकदीच्या चुंबकीय क्षेत्रातून डिस्क नेली की माहिती जाते आणि हेडला वाट दाखवणाऱ्या कारखान्यातल्या खुणाही जातात. ती डिस्क पुन्हा कधीच चालत नाही. पण डिगॉसर सगळ्यांवर चालतो असं नाही. उष्णतेच्या मदतीनं लिहिणाऱ्या नव्या डिस्कमध्ये लोह-प्लॅटिनमचा थर असतो आणि त्याची चुंबकीय पकड फारच घट्ट असते. जुन्या डिगॉसरवर तिथे विसंबता येत नाही. आणि तबकड्यांऐवजी चिपांवर माहिती साठवणाऱ्या एसएसडीत तर चुंबकीय काही नसतंच. तिच्यावर डिगॉसरचा शून्य परिणाम होतो.

एसएसडीचं प्रकरणच वेगळं. तिच्या चिपा सारख्याच प्रमाणात झिजाव्यात म्हणून आतला नियंत्रक माहिती सतत इकडून तिकडे हलवतो आणि काही जागा राखीव ठेवतो. तुम्ही वरून कितीही लिहिलंत तरी त्या राखीव जागेत जुनी प्रत राहू शकते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या संशोधकांनी २०११ मध्ये हे प्रयोगानं सिद्ध केलं. एसएसडीसाठी उत्तम उपाय म्हणजे पहिल्या दिवसापासून तिच्यावरची माहिती कूटबद्ध ठेवणं. मग निरोप देताना फक्त किल्ली नष्ट करायची. मागे उरतो तो अर्थहीन आकड्यांचा ढीग.

तिसरी पायरी श्रेडरची. लोकांना ती सगळ्यात खात्रीची वाटते, कारण ती डोळ्यांना दिसते. दणदणाट होतो, खाली तुकडे पडतात. पण तुकड्याचा आकार विचारायला हवा. आजच्या डिस्कच्या तबकडीवर एका चौरस इंचात साधारण एक लाख कोटी ठिपके मावतात. हिशेब केला तर एका चौरस मिलिमीटरवर जवळजवळ १९० एमबी माहिती येते. तुकड्यावरून ती वाचणं साध्या चोराच्या आवाक्याबाहेरचं आहे, हे खरं. तरीही संवेदनशील कामासाठी मानकं पातळीगणिक तुकडा लहान करत नेतात: त्यांच्या पाचव्या पातळीला तो ३२० चौरस मिलिमीटरच्या आत असावा लागतो. एसएसडीला त्याहून बारीक चुरा लागतो, नाहीतर एखादी चिप अख्खीच्या अख्खी सुटते.

आणि इथेच माझं खरं म्हणणं सुरू होतं. आमच्याकडे येणाऱ्या करारांमध्ये 'सर्व डिस्क प्रत्यक्ष मोडून नष्ट कराव्यात' हे कलम हमखास असतं. चार-पाच वर्षं वापरलेल्या, धडधाकट डिस्क त्या कलमामुळे श्रेडरमध्ये जातात. नीट पुसून, तपासून त्या आणखी काही वर्षं एखाद्या शाळेत, ग्रंथालयात, छोट्या दुकानात चालल्या असत्या. नवी डिस्क घडवायला खाणीतून धातू काढावा लागतो, तो शुद्ध करावा लागतो, कारखान्यात ऊर्जा खर्चावी लागते. पर्यावरणाच्या दृष्टीनं सगळ्यात मोठी बचत चालू डिस्क चालू ठेवण्यात आहे. भीतीपोटी आपण ती बचत चिरडून टाकतो, आणि सुरक्षितता मात्र काडीनंही वाढत नाही. मिटवायची असते ती माहिती. ती मिटल्याचा पुरावा हातात असेल, तर वस्तूचा जीव घेण्याचं कारण उरत नाही.

काही डिस्क मोडाव्याच लागतात: बंद पडलेल्या, ज्यांच्यावर लिहिता येत नाही अशा, संरक्षण खात्यासारख्या ठिकाणच्या. त्याही थेट श्रेडरमध्ये टाकू नयेत. हेडचा दांडा हलवणाऱ्या यंत्रणेत निओडिमियमचे छोटे, फार जोरदार चुंबक असतात. त्यांच्या वजनाचा जवळपास ३० टक्के भाग दुर्मीळ मृदा धातूंचा असतो. डिस्क तशीच श्रेडरमध्ये घातली की चुंबक फुटतो, त्याची भुकटी पोलादाच्या तुकड्यांना चिकटते, पोलादाबरोबर भट्टीत जाते आणि कायमची हातची जाते. ॲल्युमिनियम परत मिळतं, तांबं मिळतं, सर्किट बोर्डावरचं सोनंही मिळतं, निओडिमियम जातं. याच धातूंसाठी जग चीनवर किती अवलंबून आहे, हे एप्रिल २०२५ मध्ये चीननं काही दुर्मीळ मृदा धातू आणि चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातल्यावर आपल्या वाहन उद्योगानं अनुभवलं.

आपले ई-कचरा नियम २०२२ मधले, १ एप्रिल २०२३ पासून लागू. उत्पादकांनी पुनर्वापराचा वाटा उचलायचा, मोठ्या वापरकर्त्यांनी माल नोंदणीकृत संस्थेलाच द्यायचा, हे त्यांनी बांधून दिलं. जुनी यंत्रं दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांनाही नोंदणीकृत स्थान दिलं. पण पुनर्चक्रणाचं श्रेय मोजताना हिशेब धरला गेला तो सोनं, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड या चार धातूंचा. चुंबक वेगळा काढायला एका माणसाची काही मिनिटं लागतात, आणि त्या मिनिटांचा मोबदला कोणी देत नाही. केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२५ मध्ये महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्चक्रणासाठी १५०० कोटींची योजना मंजूर केली, ही आशेची बाब आहे. अमेरिकेत वेस्टर्न डिजिटल आणि मायक्रोसॉफ्टनं त्याच वर्षी सुमारे २२ टन डिस्कचा चुरा आणि सुटे भाग घेऊन, आम्ल न वापरता दुर्मीळ धातू वेगळे करून दाखवले. म्हणजे तंत्र आहे. माल वेगळा गोळा करण्याची शिस्त हवी.

ही शिस्त नसते तेव्हा किंमत मोजतात ती माणसं. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत सर्किट बोर्ड उघड्यावर भाजले जातात, आम्लात बुडवले जातात. प्लॅस्टिकमधल्या ब्रोमीनयुक्त रसायनांचा विषारी धूर हातमोजेही नसलेल्या कामगारांच्या छातीत जातो. त्यांच्या हातात डिस्क सुटी करण्याचं कौशल्य आमच्या अनेक प्रशिक्षित मुलांपेक्षा जास्त असतं. त्या कौशल्याला सुरक्षित छप्पर आणि रास्त मजुरी मिळाली, तर चुंबक वाचवण्याचा प्रश्न निम्मा सुटेल. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेनं घराघरातून कचरा गोळा करण्याचं काम प्रतिष्ठेनं उभं केलं आहे. ई-कचऱ्यातही तो रस्ता मोठा करता येईल.

घरच्या वाचकांसाठीही थोडं सांगायला हवं, कारण दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा जुना संगणक खाली येतोच. आधी हवे ते फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या. डिस्क चालू असेल तर ती दुसऱ्या संगणकाला जोडा आणि 'क्विक'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. विंडोजच्या व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्या अशा वेळी सगळ्या जागेवर शून्यं लिहितात. एसएसडी असेल तर निर्मात्याच्या सॉफ्टवेअरमधला पुसण्याचा पर्याय वापरा. डिस्क बंद असेल तर नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्या आणि अनुक्रमांकासह प्रमाणपत्र मागा. हातोडा घेऊन बसू नका. लॅपटॉपच्या डिस्कमधली तबकडी बऱ्याचदा काचेची असते आणि तिचे तुकडे डोळ्यांत उडतात. जाळू तर मुळीच नका.

आणि ज्यांच्या सहीनं टेंडर निघतात, त्यांना माझी विनंती आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, त्यामुळे तुमची धास्ती मला समजते. पण 'सगळं मोडा' हे कलम त्या धास्तीवरचा उपाय नाही. त्याच्या जागी तीन वाक्यं लिहा: प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांकानुसार हिशेब द्यावा, जी चालू आहे ती पुसून, तपासून पुन्हा वापरात द्यावी, जी मोडायची तिचा चुंबक आणि बोर्ड आधी वेगळा काढावा. या तीन वाक्यांनी तुमच्या ग्राहकांची माहिती आजच्याहून जास्त सुरक्षित राहील, आणि जमिनीतून एकदाच काढलेला धातू पुन्हा आपल्या कामी येईल.