बामणोलीचा पाऊस आणि माझा कोट

साताऱ्याहून यवतेश्वराचा घाट चढून कासमार्गे बामणोलीला उतरेपर्यंत श्रावणातल्या पावसाने आमची पाठ सोडली नाही. मला त्याची फिकीर नव्हती. अंगात नवाकोरा रबरी अस्तराचा कोट होता. आत मुंगी शिरायची नाही, असे दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितले होते. मुंगी शिरली नाही हे खरे. पण आतली वाफही बाहेर पडली नाही!

बामणोलीहून लाँचने शिवसागर ओलांडून तापोळ्याला जायचे होते. कोयनेच्या धरणाने अडवलेले ते पाणी पावसात समुद्रासारखे दिसते. धक्क्यापर्यंतची चाल आणि आतला घाम यांनी सदरा आधीच चिंब झाला होता. पाण्यावरचा वारा लागताच दात वाजू लागले. म्हातारा नावाडी थोडा वेळ पाहत राहिला, मग म्हणाला, "गुरुजी, तुमी पावसानं न्हाई भिजला. कोटानं भिजवलंय तुमास्नी. काढा त्यो."

मी कोट काढला आणि त्याने आपले घोंगडे माझ्या अंगावर टाकले. तेही दमटच होते, मेंढराचा वास वेगळाच. पण घटकाभरात ऊब आली. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतका दमटपणा पिऊनही हाताला ओली लागत नाही, आणि तो पिताना थोडी उष्णताही सोडते. गंमत अशी की, हे घोंगडे विणले जाते ते माणदेशात, जिथे वर्षाचा पाऊस २० इंचांच्या आसपास. धनगरांची मेंढरे, सणगरांचे माग आणि चिंचोक्याची खळ यांतून ते घडते आणि महाबळेश्वराच्या बाजूला २०० इंचांहून अधिक पावसात उभे राहते. ज्याला पाऊस ठाऊक नाही त्यानेच छत्र धरावे, असा हा न्याय!

इरल्याचे मात्र नाव काढताच नावाडी हसला. भातलावणीला इरल्यासारखे दुसरे काही नाही. पाठीवर छप्पर, खालून वारा. पण नावेत ते शिडासारखे फुगते आणि माणसाला घेऊन जाते.

माझ्या कोटाचा पूर्वज चार्ल्स मॅकिंटॉशचा. त्याने १८२३ साली दोन कापडांमध्ये रबर कोंडले. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोरने टेफ्लॉन झटक्यासरशी ताणले आणि त्याला अतिसूक्ष्म छिद्रे पडली. थेंब अडतो, वाफ निसटते. असला महागडा कोट एका विद्यार्थ्याने मला दिला होता. थंड, कोरड्या हवेत तो झकास. पण आपल्याकडे बाहेरची हवाच वाफेने गच्च भरलेली. आतल्या वाफेने जावे कुठे? वरचे कापड भिजून बसले की उरलासुरला श्वासही कोंडतो. आपल्या पावसाला काखेतली उघडी झडप आणि सैल गळाच बरा.

धरणाचे दरवाजे उघडले की शिवसागराचे पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि सांगलीला येते. तिथे पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती पाहायला आयर्विन पुलाच्या बाजूला मी गर्दीत उभा असतो. वल्हवणाऱ्यांच्या अंगात फार तर बनियन. भिजण्याचा प्रश्नच त्यांनी निकालात काढलेला! पण त्याच नदीकाठी, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला, ८ ऑगस्ट २०१९ रोजी पुरातून माणसांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि माणसे बुडाली. ती बातमी वाचली आणि बामणोलीचे घोंगडे मला आठवले. डोक्यावरून घेतलेली ती ओली, जड खोळ. आत अडकलेले दोन्ही हात. नाव कलंडली असती तर? माझा बटणबंद कोटही गुडघ्यांत गुरफटलाच असता. नावेत कपडा निवडताना मी ऊब आणि कोरडेपण एवढेच पाहत होतो. हात मोकळे राहतील का, हे पाहिलेच नव्हते.

परवा पुन्हा बामणोलीला गेलो. कमरेपर्यंतचा हलका नायलॉनचा कोट, आत लोकरीची बंडी आणि कोटावरून, आतून नव्हे, फोमचे जीवरक्षक जॅकेट, पट्टे आवळून. घोंगडे प्लॅस्टिकच्या पिशवीत, तापोळ्याला उतरल्यावर पांघरायला. म्हाताऱ्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"आता बुडला तरी पोहता यील की गुरुजी!"

मला पोहता येत नाही, हे मी त्याला सांगितले नाही. पट्टा तेवढा आणखी एकदा ओढून पाहिला.