दोन रजया

डिसेंबर उजाडला की पुण्याच्या माझ्या मामेभावाचा निरोप न चुकता येतो. पूर्वी तो पोस्टकार्डावर येई, आता मोबाईलवर येतो. मजकूर मात्र बदललेला नाही. "यंदा आमच्याकडे कडाक्याची थंडी पडली आहे. आज पारा दहावर उतरला. तुमच्याकडे काय?" हा निरोप मी बहुधा सकाळी नऊच्या सुमारास वाचतो. त्या वेळी मी रजईत असतो, कानांना मफलर असतो, समोरच्या घराची गॅलरी धुक्यात नाहीशी झालेली असते आणि फळीवरच्या बाटलीतले खोबरेल तेल दगड होऊन बसलेले असते. 'कडाक्याची' हा शब्द त्याने आधीच खर्चून टाकल्यामुळे मला दुसरा शोधावा लागतो, आणि तो काही सापडत नाही. मग मी लिहितो, "बरी आहे."

शब्द सापडत नाही यात माझा एकट्याचा दोष नसावा. आपली भाषा दख्खनची. तिच्यात थंडी गुलाबी असते, फार तर बोचरी असते. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली. त्या लष्कराचे पुढे गावच झाले आणि नावही 'लष्कर' असेच राहिले. त्या मागेपुढे जी मराठी कुटुंबे इकडे आली, त्यांनी येताना देव आणले, पंचांग आणले, पुरणाची आणि गुळाची पोळी आणली. थंडीची सामग्री मात्र त्यांच्या गाठोड्यात नव्हती. रजई, अंगीठी, बंडी हे सारे आम्ही इथूनच उचलले, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे शब्दही. आमच्या घरात सकाळी "ऊन पडलं का?" असे कुणी विचारत नाही, "धूप निघाली का?" असे विचारतात. पुण्याची पाहुणी मंडळी यावर हसतात. परंतु आठ-आठ दिवस जी दिसत नाही, तिची वाट तिच्या इथल्या नावानेच पाहावी लागते, हे त्यांना कसे सांगावे?

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, आणि आमचे ग्वाल्हेर जेमतेम २०० मीटरांवर. तरीही थंडीत ते आम्हांला आटपत नाही. आम्ही पुण्याच्या जवळजवळ आठ अंश उत्तरेला आहोत, समुद्र दूर आहे आणि हिमालयात बर्फ पडले की तिकडचा वारा मैदान ओलांडून थेट अंगणात येतो. त्यात मावठा होऊन गेला, आकाश निवळले आणि वारा पडला की रात्री जमीन भराभर निवते. तिच्या लगतची ओलसर हवा थिजून पांढरी होते. हेच आमचे धुके. दुपारी बारापर्यंत ते हलत नाही, आणि कधी कधी तर सूर्य निघालाच नाही अशा समजुतीवर दिवस मावळतो.

या थंडीची तयारी दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होताच सुरू होई. पेटाऱ्यातून डांबराच्या गोळ्यांच्या वासाचे स्वेटर बाहेर पडत. मग एके दिवशी आळीत पिंजाऱ्याच्या धनुकलीचा तो विशिष्ट टणत्कार ऐकू आला, की आई त्याला अंगणात बोलावी. वर्षभर दबून दबून रोडावलेला कापूस त्याच्या हाताखाली पाहता पाहता ढगासारखा फुगे. आमच्या घरी दोन मोठ्या रजया होत्या. एक अण्णांची, तांबड्या छिटाच्या खोळीची. तिच्यात तीन किलो कापूस होता. दुसरी निळी, ती माझी. अण्णांची रजई अंगावर घेतली म्हणजे कुणी वडीलधारे माणूस पायथ्याशी येऊन बसल्यासारखे वाटे. तिच्यात कूस बदलणे हे एक स्वतंत्र काम होते.

पंचांग दख्खनचे आणि हवा इथली, यांची गाठ पडली की गमती होत. धनुर्मासात सूर्योदयाला नैवेद्य दाखवायचा असतो. आई पहाटे पाचला उठून, गोठलेल्या बोटांनी मुगाची खिचडी आणि बाजरीची भाकरी करी. पण सूर्य उगवला की नाही, हे खिडकीतून कळण्याची सोय नव्हती. ते पंचांगात पाहून ठरवावे लागे. बाजरीची मात्र इथे कधी उणीव भासली नाही, कारण ती भिंड-मुरैन्याकडे भरपूर पिकते. संक्रांतीच्या हलव्याला तर ही थंडी मानवे. शेगडीच्या मंद आचेवर परातीत तीळ, त्यावर थेंब थेंब पाक आणि आईची न थांबणारी बोटे. असा काटा मी पुण्यात पाहिला नाही. तिळगूळ घेऊन येणाऱ्या शेजाऱ्यांना आम्ही तिळगूळ देत असू आणि ते आम्हांला गजक देत. तीळ-गूळ एकच, आपण त्याचे लाडू वळतो, हे लोक तो कुटून कुटून त्याचे पापुद्रे काढतात. मुरैन्याच्या गजकीला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आमच्या घरीही ते आपल्याच माणसाला मिळाल्यासारखे वाटले.

बाकी थंडीच्या कटकटी सांगाव्यात तितक्या थोड्या. कपडे तीन तीन दिवस वाळत नाहीत आणि चौथ्या दिवशी वाळल्यासारखे वाटतात, ते केवळ गार असतात म्हणून. आंघोळीच्या क्रमावरून सख्ख्या भावंडांत वितुष्ट येते. शेगडी खोलीत हवी, पण दार-खिडकी पुरती लावून कोळशाच्या शेगडीशेजारी झोपणे म्हणजे मृत्यूला बोलावणे. म्हणून अण्णा रोज रात्री खिडकीची एक फळी चार बोटे उघडी ठेवीत, आणि त्या चार बोटांतून सारे ग्वाल्हेर आत येई.

अण्णांना स्वतःला थंडीची तक्रार नसे. डिसेंबरात हजीऱ्याला तानसेनाच्या समाधीपाशी समारोह होतो. तेव्हाच्या रात्रीच्या मैफलींना ते तांबडी रजई खांद्यावर टाकून जात आणि उजाडता परत येत. त्यामुळे अण्णा रजई घेऊन घराबाहेर पडले तर आळीत कुणालाच नवल वाटत नसे.

१९८४ च्या जानेवारीतली गोष्ट. ताई लग्न होऊन पुण्याला गेली, त्याला सहा वर्षे झाली होती. धाकट्याचे बोरन्हाण आजोळी करायचे म्हणून ती दोन्ही मुलांना घेऊन येत होती. मोठी चार वर्षांची, धाकटा दीडाचा. मेव्हण्यांना रजा नव्हती. गाडी संध्याकाळी सातला यायची. अण्णा सहालाच तांबडी रजई आणि दुधाचा थर्मास घेऊन स्टेशनवर गेले. नऊच्या सुमारास शेजारचा मुलगा निरोप घेऊन आला, की गाडी दोन तास उशिरा आहे, दुसरी रजईही घेऊन ये.

मी निळी रजई सायकलच्या मागे बांधून गेलो. धुके इतके दाट होते की फलाटावरचे दिवे नुसते पिवळे डाग झाले होते. अण्णा एका बाकावर बसले होते. तोवर 'दोन तास' पुन्हा 'दोन तास' झाले होते. धुक्याच्या रात्री गाडीची खबर अशीच असते. ती थोडी थोडी करून सांगतात. त्या काळी धुक्यात चालकाला सिग्नल दिसत नसे, म्हणून सिग्नलच्या अलीकडे रुळांवर फटाके बांधून ठेवीत. चाकाखाली तो फुटला की पुढे सिग्नल आहे, हे त्याला कळे. गाड्या अक्षरशः चाचपडत चालत.

मी म्हणालो, "अण्णा, घरी चला. सकाळशिवाय ही गाडी येत नाही. ताई काय लहान आहे? टांगा करून येईल."

"ती इथली आहे," अण्णा म्हणाले. "पोरं तिकडची आहेत. त्यांना ही थंडी ठाऊक नाही."

"मग तुम्ही इथे बसून ती कमी होणार आहे का?"

हे वाक्य मी जरा वरच्या आवाजात बोललो. शेजारच्या बाकावरच्या माणसाने वळून पाहिले. मला सकाळी कामावर जायचे होते, हात बधिर झाले होते आणि वडील हट्टी आहेत याचा राग आला होता. अण्णा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तू जा. तुला सकाळी उठायचंय." मी निळी रजई बाकावर ठेवली आणि घरी आलो. आईची गोधडी पांघरली आणि मला चक्क झोप लागली.

पहाटे सहाच्या सुमारास टांग्याच्या घुंगरांनी जाग आली. दार उघडले तेव्हा ताई उतरत होती. निळी रजई तिच्या अंगाभोवती होती, आणि तांबड्या रजईचे एक मोठे गाठोडे तिने आणि टांगेवाल्याने मिळून धरले होते. त्या गाठोड्यात दोन्ही मुले गाढ झोपली होती. नुसती नाके दिसत होती. ताईने मला पाहिले आणि म्हणाली, "अरे, तू आला नाहीस स्टेशनवर?"

"आलो होतो," मी म्हणालो. ते खरेच होते.

सर्वांत शेवटी अण्णा उतरले. अंगात बंद गळ्याचा कोट आणि कानांना मफलर, एवढेच. टांगेवाला भाडे घेताना मला म्हणाला, "बाबूजी तो रात भर बैठे ही नहीं. पटाखा बजता और ये उठके खड़े हो जाते. हर बार मालगाड़ी." अण्णांनी त्याला गप्प केले, आणि आईला चहा टाकायला सांगितले. बोरन्हाण थाटात झाले. चुरमुरे, बोरे, हलवा सारे गच्चीवर उधळले गेले आणि त्या दिवशी धूपही निघाली.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी अण्णांना खोकला सुरू झाला, तो होळीपर्यंत राहिला. पुढे दर थंडीत त्यांची छाती भरून येऊ लागली. औषध आणणे, काढा देणे, पाठ शेकणे हे सारे मी न सांगता करीत असे, आणि तेही काही न बोलता करू देत. त्या रात्रीचा उल्लेख त्यांनी कधी केला नाही. मीही केला नाही. तानसेन समारोहाला जाणे मात्र त्यांनी सोडले. ते १९९१ साली गेले. थंडीत नव्हे, ऐन श्रावणात. त्यामुळे त्या रात्रीचा आणि त्यांच्या जाण्याचा संबंध जोडायला मला कुणी सांगितलेले नाही. तरी जानेवारीत धुके दाटून आले, की माझे ते वाक्य मला माझ्याच आवाजात ऐकू येते.

परवाच्या जानेवारीत माझी मुलगी तिच्या मुलीला घेऊन पुण्याहून येत होती. गाडी सात तास उशिरा. आता फटाक्यांवर भिस्त राहिलेली नाही. पुढचा सिग्नल किती अंतरावर आहे हे उपग्रहाच्या आधारे सांगणारे यंत्र चालकाजवळ असते, आणि गाडी कुठे आहे हे घरबसल्या मोबाईलवर दिसते. रात्री एकला ती झाशीच्या अलीकडे होती. मुलीचा फोन आला, "बाबा, तुम्ही मुळीच येऊ नका. मी टॅक्सी मागवते." बायकोनेही वयाची आठवण करून दिली. दोघींचे म्हणणे बिनतोड होते. अण्णांपुढे माझेही म्हणणे असेच बिनतोड होते.

गाडीने डबरा सोडल्याचे मोबाईलवर दिसले, तेव्हा मी तांबडी रजई काढली. खोळ तीनदा बदलली आहे, कापूस कितीदा पिंजला त्याची गणती नाही, पण रजई तीच. फलाटावर ती काखेत घेऊन उभा राहिलो, तेव्हा दोन तरुण मुले माझ्याकडे पाहून हसली. पहाटे चारनंतर गाडी आली. मुलगी उतरताच म्हणाली, "सांगितलं होतं ना, येऊ नका म्हणून?" नात फुगीर जाकिटात आणि लोकरीच्या टोपीत अशी बंदोबस्ताने निघाली होती, की रजईची तिला काही गरज नव्हती. टॅक्सीत बसल्यावर मुलीने माझे हात हातांत घेऊन पाहिले, काही न बोलता ती रजई उलगडली आणि माझ्याच अंगावर घातली. तिचे वजन गुडघ्यांवर पडले. घर येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत राहिलो, पण काचेपलीकडे धुक्याशिवाय काही नव्हते.

सकाळी मामेभावाचा निरोप आलेला होताच. "आज नऊ! तुमच्याकडे काय?" सवयीने मी लिहिले, "बरी आहे." मग ते पुसले आणि लिहिले, "खूप आहे. मुलगी सुखरूप पोचली."