दाबाचे पाणी, हातची अवजारे

हुबळी-धारवाडच्या पावसाळ्यात गाड्यांना दोन रंगांचा चिखल लागतो. नवलगुंद, अण्णिगेरी, कुंदगोळकडून आलेला ट्रॅक्टर काळ्या मातीने लडबडलेला असतो, तर कलघटगी, हल्याळच्या बाजूने आलेला तांबड्या. मलनाड संपते आणि पठार सुरू होते त्या सांध्यावर ही जुळी शहरे वसली आहेत, म्हणून दोन्ही माती एकाच धुलाईच्या फरशीवर येऊन उतरतात. तांबडी माती पाण्याला लगेच वाट देते, पण मागे लोहाचा पिवळट डाग ठेवते. काळीचा स्वभाव हट्टी. ती पाणी पिते, फुगते, वाळली की मडगार्डच्या आत दगडासारखी बसते. तिच्यावर सरळ धार मारली तर नुसते भोक पडते. ढेपूळ जागचे हलत नाही. आधी भिजवावे, थोडा वेळ मुरू द्यावे, मग पसरट धार कडेने आत घालावी, म्हणजे सबंध पापुद्रा सुटून येतो. धुलाईच्या घरगुती अवजारांची घडण या मातीपासूनच सुरू होते.

कामाच्या केंद्रस्थानी असतो तीन प्लंजरचा एचटीपी पंप. मूळचा हा शेतीचा. मिरची, कापूस, द्राक्षावर औषध फवारण्यासाठी तो खेडोपाडी पोचला आणि तिथून सर्व्हिसिंगच्या धंद्यात शिरला. दोन-तीन हॉर्सपॉवरची मोटर, पट्टा, पुली आणि वर पितळी हवेची बाटली असा त्याचा थाट. दाब साधारण 20 ते 40 किलोपर्यंत जातो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला तितके किलो. घरगुती वापराची छोटी विजेची यंत्रे 100 किलोच्याही पुढे जातात, पण पाणी थोडे देतात. एचटीपी दाब कमी आणि पाणी भरपूर देतो. चिखल वाहून न्यायला पाणीच लागते, म्हणून ट्रॅक्टर-ट्रकच्या कामाला तो पुरून उरतो. त्याच्या भोवतीची बाकीची जुळणी बरीचशी हातची असते. सदर्न मराठा रेल्वेच्या काळापासून हुबळीत रेल्वेचे वर्कशॉप आहे आणि गोकुळ रोडवर औद्योगिक वसाहत. लेथ, वेल्डिंग आणि भंगार, तिन्ही हाकेच्या अंतरावर असलेल्या गावात अवजार जुळवायला फार वेळ लागत नाही.

पहिली हातची वस्तू पंपाच्या अलीकडे, पाण्याच्या बाजूला लागते. जुळ्या शहरांना सौंदत्तीजवळच्या मलप्रभेच्या धरणातून पाणी येते, पण ते कित्येक वस्त्यांत रोज येत नाही. म्हणून धुलाईवाला बोअरच्या पाण्यावर आणि टाकीवर अवलंबून असतो. बोअरबरोबर बारीक वाळू येते. ही वाळू पंपाचे वायसर खाते आणि नोझलचे भोक मोठे करते. यावर उपाय अगदी साधा आहे. हातभर लांबीच्या पीव्हीसी पाइपला सगळीकडून भोके पाडायची, तळाला टोपण बसवायचे, वरून नायलॉनच्या जाळीचे दोन पदर गुंडाळून क्लॅम्पने आवळायचे आणि ही गाळणी टाकीच्या तळापासून वीतभर वर टांगायची. गाळ तळाशी राहतो आणि पंप वरचे निवळ पाणी ओढतो. भोकांचे एकूण क्षेत्रफळ सक्शन पाइपच्या तोंडाच्या चारपाच पट तरी असावे, नाहीतर पंपाला पुरेसे पाणी मिळत नाही आणि बाटलीवरचा काटा थरथरू लागतो. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके मात्र कुठलीच जाळी अडवत नाही. काचेवरचे पाणी वाळायच्या आत पुसणे हाच त्यावर इलाज.

होजसाठी दोन गोष्टी करतात. जुन्या ट्यूबची पट्टी कापून ती जोडापाशी दोन वीत लांबीवर गुंडाळायची, कारण होज नेहमी जोडालगतच दुमडून फुटतो. दुसरी गोष्ट म्हणजे मोटरसायकलचे जुने चाक. टायर काढलेली रिम अँगलच्या चौकटीवर आडव्या कण्यात बसवली, बाजूला फिरवायला दांडी जोडली की पन्नास मीटर होजचे चक्र तयार. अशा चक्रावर होज फक्त गुंडाळावा. पाणी कण्यातून फिरवण्याचा खटाटोप करू नये, कारण फिरत्या जोडाला दाब सांभाळणारे खास सील लागते. काम सुरू करण्याआधी होज पूर्ण उलगडावा, एवढी शिस्त पुरते.

गाडीच्या पोटाखाली धुण्यासाठी हातांना हवा असतो आडवा फवारा. अर्ध्या इंची जीआय पाइपचा तीन फुटी तुकडा, त्याच्या दोन टोकांना खुर्चीची छोटी चाके, वरच्या बाजूला चार नोझल आणि मध्ये सॉकेटमधून वाकवलेली दांडी. हे उपकरण गाडीखाली सरकवले की चासीचा चिखल वरून कोसळतो आणि माणसाला खड्ड्यात उतरावे लागत नाही. इथे गणित चुकले की सगळेच चुकते. एका नोझलचे भोक 3 मिलिमीटर असेल तर चार नोझलची भोके दीड-दीड मिलिमीटरची हवीत. तेव्हाच एकूण क्षेत्रफळ तेवढेच राहते. चारही भोके 3 मिलिमीटरची पाडली तर पाण्याचा वेग चौथाईवर येतो आणि दाब सोळाव्या हिश्शावर. तीस किलोचा पंप मग जेमतेम दोन किलोची झारी होऊन बसतो. पाइप घेताना लाल पट्ट्याचा सी क्लास घ्यावा. पिवळ्या पट्ट्याचा ए क्लास पातळ असतो. भारतीय मानकानुसार जीआय पाइपची कारखान्यातली चाचणी 50 किलोवर होते, म्हणून एचटीपीच्या 25-30 किलोला तो धकतो. 100 किलोच्या यंत्रावर तो लावणे हा जीवाशी खेळ आहे. पीव्हीसी तर दोन्हीकडे वर्ज्य.

लांब दांडीच्या बंदुकीलाही हातची जोड लागते. मिनिटाला 30 लिटर पाणी 30 किलोच्या दाबाने सुटते तेव्हा ते हाताला सुमारे चार किलोच्या जोराने मागे रेटते. दिवसभर हा रेटा एका मनगटावर घेतला तर संध्याकाळी हात उचलवत नाही. म्हणून दांडीच्या मध्यावर क्लॅम्पने आडवी मूठ बसवतात आणि मागचे टोक काखेत टेकेल असे रबर लावतात. ट्रिगर मात्र तारेने बांधून ठेवू नये. हातातून सुटलेली बंदूक आपोआप बंद झालीच पाहिजे.

फेसासाठी हातपंपाची छोटी फवारणी बाटली पुरते. बाटलीतल्या नळीला साबणाच्या पातळीच्या वर एक मिलिमीटरचे भोक पाडले की द्रावणाबरोबर हवाही ओढली जाते. नोझलच्या मागे भांडी घासायच्या स्टीलच्या जाळीचा बोळा कोंबला की त्यातून घट्ट फेस निघतो. हे काम दोन-तीन किलोच्या दाबावर होते, म्हणून घरी करायला हरकत नाही. मोठी फेसटाकी बनवण्यासाठी जुना गॅस सिलिंडर किंवा आगविझव्या कापणे हा मात्र अक्षम्य प्रकार. सिलिंडरात उरलेला वायू वेल्डिंगच्या ठिणगीने पेटतो, आणि गंजलेले कवच कॉम्प्रेसरच्या हवेने फुटते.

शेवटची वस्तू जमिनीतली, गाळाचा खड्डा. विटांचे तीन कप्पे असतात. पहिल्यात माती बसते. दुसऱ्यातून पाणी पुढे जाते ते खाली तोंड केलेल्या एल्बोमधून, म्हणजे वर तरंगणारे तेल मागेच राहते. तिसऱ्यात तुरटी फिरवली की काळ्या मातीचे न बसणारे कणही खाली जातात. हे पाणी पुढच्या गाडीची चाके आणि मडगार्ड भिजवायला चालते, शेवटचा हात तेवढा ताज्या पाण्याचा. मार्च 2024 मध्ये बेंगळुरूच्या पाणी मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घालून 5,000 रुपये दंड ठरवला. उन्हाळ्यात तसा प्रसंग आला, तर खड्डा असलेल्याचे काम निदान काही अंशी चालू राहते.

खंडेनवमीला ट्रॅक्टर, ट्रक, रिक्षा सगळ्यांनाच धुऊन झेंडूची माळ घालायची असते. त्या आधीचे दोन दिवस अवजारांच्या खऱ्या परीक्षेचे. त्या गर्दीत टिकते ते चांगले, आणि ज्याने कुणाला इजा होत नाही ते त्याहून चांगले. बारीक धार त्वचा भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी ती शस्त्रक्रियेची बाब असते, घरी मलम लावून थांबू नये. मोटरला अर्थिंग आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ईएलसीबी हवाच. एकूण हिशेब सरळ आहे. गाळणी, चक्र, मूठ, चाके, खड्डा ही पाणी, माती आणि हात सांभाळणारी अवजारे खुशाल घरी करावीत. होज, बंदूक, दाब सोडणारी झडप, फेसटाकी हे दाब सांभाळणारे भाग छापील दाबाचा आकडा पाहूनच विकत घ्यावेत.