डायफ्रामच्या मागची हवा

वय वाढलं की कानातला वरचा सूर आधी जातो. माणसाचं बोलणं ऐकू येतं, इंजिनाची खडखड ऐकू येते, पण रबरी नळीच्या भेगेतून आत शिरणाऱ्या हवेचा बारीक ‘सीऽऽ’ हरवतो. माझा तो हरवला आहे. फोर-बाय-फोर गाड्यांच्या व्हॅक्यूम लाईनी तपासणाऱ्याचं हे एक हत्यारच गेलं म्हणायचं, आणि मला अभिमान होता तो नेमका याच हत्याराचा. गेज न लावता, बॉनेटवर वाकून, नुसत्या कानानं गळती दाखवायची आणि चार जणांनी ते बघायचं, याची मला चटक होती. त्या कानाचं दुःख आहे. पण कान गेल्यावर जे डोक्यानं शोधावं लागलं त्यातून एक मत पक्कं झालं. पुढचा अ‍ॅक्सल जोडला जात नसला की आम्ही सगळे गळती शोधत सुटतो, आणि निदान सावनेरच्या धुळीत पुष्कळदा खोट वेगळीच निघते. आत यायला हवी ती हवा आत येत नसते. तिला आवाज नसतो, म्हणून ती इतकी वर्षं आमच्या कानांतून सुटत आली.

घोळाचं मूळ शब्दात आहे. ‘व्हॅक्यूम ओढतं’ असं आम्ही दिवसभर म्हणतो. व्हॅक्यूम काही ओढत नाही. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, असं टॉरिसेलीनं १६४४ साली एका पत्रात लिहिलं होतं. ढकलतो तो हा समुद्र. हिंदुस्तान मोटर्सनं तिरुवल्लूरला बांधलेली पजेरो घ्या. पुढच्या डिफरन्शियलजवळ एक डबी, डबीत डायफ्राम, डायफ्रामच्या दोन्ही अंगांना एकेक नळी. टू-एचमध्ये, म्हणजे दोन चाकांवर चालताना, एका अंगाला पोकळी; फोर-एचमध्ये, म्हणजे चारही चाकांवर, दुसऱ्या. डायफ्रामचा व्यास ७ सेंटिमीटर धरला तर क्षेत्रफळ साधारण ३८ चौरस सेंटिमीटर भरतं. ५०० मिलिमीटर पाऱ्याइतकी पोकळी असेल तर त्यावर जवळजवळ २६ किलोंचा जोर येतो, आणि त्या जोरावर फोर्क कॉलरला स्प्लाइनवर सरकवतो. हे २६ किलो येतात समोरच्या अंगाच्या हवेतून. त्या अंगाला हवाच नसेल तर गेज पाचशे दाखवो की सहाशे, जोर शून्य.

आता लिव्हर टू-एचमधून फोर-एचमध्ये टाकण्याचा क्षण बघा. इतका वेळ ज्या अंगाला पोकळी होती तिथे सोलेनॉइडनं, म्हणजे विजेवर चालणाऱ्या झडपेनं, बाहेरची हवा सोडायची असते. ही हवा सोलेनॉइडच्या टोपीखालच्या करंगळीच्या नखाएवढ्या फोमच्या गाळणीतून येते. टोपी काढून ती गाळणी कधी हातात घेतली आहे का, असं विचारलं तर आमच्या धंद्यातले बहुतेक लोक ‘नाही’ म्हणतील. तिच्यावर काय बसतं ते या गावात वेगळं सांगायला नको. इकडे कोळशाच्या खाणी आणि त्यांचे ट्रक, तिकडे खापाजवळच्या गुमगावच्या खाणीचं मॅंगनीज, कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या बाजूनं राख, आणि उन्हाळ्यात पांदणीवर उडणारा काळ्या मातीचा भुगा. बॉनेटखाली तेलाची वाफ असतेच. तिच्यात ही धूळ कालवली की फोमची वडी होते, बोटानं दाबली तर चुरते. पावसाळ्यात तीच वडी ओल धरते आणि उरलीसुरली वाटही बुजते. मग दोन्ही अंगांना सारखीच पोकळी राहते आणि डायफ्राम मधल्या मध्ये अडकतो. डॅशवरचा पुढच्या चाकांचा दिवा लुकलुकत राहतो. मिस्त्री नळ्या तपासतो, सगळ्या धरतात. पंप तपासतो, उत्तम. शेवटी डबीवर दोष टाकून तो मोकळा होतो. नवी डबी बसते आणि दिवा लुकलुकतच राहतो.

या बिघाडाच्या खुणा आहेत, फक्त त्या वेळेच्या भाषेत आहेत. गळती असेल तर जोर कमी पडतो आणि जाड ग्रीसमध्ये, थंडीत, कॉलर अर्ध्यावर राहते. गाळणी बुजली असेल तर कॉलर लागते, पण उशिरा. पाच मिनिटांनी, दहा मिनिटांनी, चालकानं नाद सोडून लिव्हर मागे ओढायच्या बेतात असताना. आणि लिव्हर फोर-एचमध्ये ठेवूनच रात्री गाडी बंद केली, तर सकाळी पहिल्याच चावीला अ‍ॅक्सल जोडलेला सापडतो. रात्रभरात हवा त्या वडीतून झिरपत आत आलेली असते. ‘काही न करता बरी झाली’ हे वाक्य कानावर आलं की मी आता सरळ सोलेनॉइडकडे जातो. खात्री करायला गेजही लागत नाही. इंजिन चालू, लिव्हर फोर-एचमध्ये, आणि डबीवरची टू-एचच्या अंगाची नळी निपलवरून उपटायची. ‘फस्’ करून हवा आत शिरली आणि हाऊसिंगमध्ये ‘टक्’ झालं, तर डबी निर्दोष. ते ‘टक्’ मला हाताच्या तळव्याला कळतं, त्याला कान लागत नाही.

कॉम्प्रेसरनं नळी फुंकून तपासण्याच्या रीतीवर माझा राग आहे, आणि तो लपवायचं मला कारण दिसत नाही. नागपुरात कळमेश्वर रोडपासून कामठी रोडपर्यंत कुठेही जा, पहिला हात हवेच्या गनकडे जातो. डायफ्रामवर चौरस सेंटिमीटरला एका किलोपेक्षा जास्त दाब कधी येतच नाही, कारण वातावरणातच तेवढा दाब नाही. कॉम्प्रेसरमध्ये सात-आठ किलो असतो. चांगली डबी फाडायला तेवढा पुरतो. शिवाय फुंकून कळतं तेही खोटं. उन्हानं आणि इंजिनाच्या तापानं मऊ पडलेली नळी फुंकली की फुगते आणि हवा सोडते, पोकळी लागली की आतून चिकटून बंद होते. पातळ भिंतीची पेट्रोलची नळी व्हॅक्यूमला जोडणाऱ्यांच्या गाड्यांत तर हे हमखास. नळी ज्या कामाची आहे त्याच कामात ती तपासली पाहिजे, म्हणजे हातपंपानं पोकळी लावून, इंजिन बंद ठेवून, घड्याळाकडे बघत. चालू इंजिनावर गेज चांगलं दिसणं हा पुरावाच नव्हे, लहान गळती पंप सहज भरून काढतो.

यावर हरकत येते की शेकडा हिशेबानं गळत्याच जास्त, मग आधी गळती शोधण्यात चूक काय? गळत्या जास्त असतात हे मला मान्य आहे. जुन्या रबराला भेगा पडणारच, आणि अमेरिकेतल्या १९८७ ते १९९५ च्या जीप रँगलरमध्ये ट्रान्स्फर केसच्या स्विचमधून तेल नळ्यांत शिरून सगळी लाईन खराब होत असे, तोही तसाच प्रकार. पण गळती स्वतःची चाहूल देते. डिझेल गाडीत ब्रेकच्या बूस्टरला आणि या लाईनीला पंप एकच, त्यामुळे मूळ लाईनच गळत असेल तर ब्रेकचं पेडल बदलतं. बुजलेली गाळणी काहीच कळवत नाही. जी चाहूल देत नाही ती आधी बघावी, आणि टोपी काढायला दोन मिनिटं लागतात. दुसरी हरकत थोडी जड आहे. २०२० च्या थारमध्ये पुढच्या अ‍ॅक्सलचं सोडणं विजेवर आलं, जिप्सी २०१९ मध्ये बंदच झाली, मग ही विद्या कुणासाठी? याचं उत्तर त्याच बॉनेटखाली आहे. ब्रेकचा व्हॅक्यूम बूस्टर नेमका याच तत्त्वावर चालतो. एका अंगाला पोकळी, दुसऱ्या अंगाला पेडल दाबताच गाळणीतून सोडलेली हवा. फरक एवढाच की त्याची गाळणी कंपनीनं केबिनच्या बाजूला, पेडलच्या दांड्याभोवती ठेवली आहे, धुळीपासून जरा दूर. ब्रेकच्या बाबतीत ज्यांना हे सुचलं, त्यांना अ‍ॅक्सलच्या बाबतीत सुचायला काय हरकत होती, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

म्हणून मी मूळ बांधणीत हात घालतो, आणि ते योग्य की नाही यावर आमच्यात वाद आहे. सोलेनॉइडची हवा घ्यायची वाट एका जाड भिंतीच्या नळीनं फायरवॉलमधून केबिनमध्ये नेतो आणि डॅशखाली, पायदाणापासून वीतभर वर, नवा फोम लावून बांधतो. कंपनीनं दिलं तसंच ठेवावं, असं म्हणणाऱ्यांचा मला आदर आहे. फक्त त्यांनी उन्हाळ्याअखेर एकदा ती टोपी उघडावी, आतली वडी चिमटीत धरून उजेडासमोर न्यावी, आणि पलीकडचं काही दिसतं का ते बघावं.