टिनाखालची टिपणे

मूर्तिजापूर, मे महिना, दुपारचे दोन. टिनाच्या खोलीत उभं राहिलं की डोकं आधी तापतं, पाय मागून. वरून ऊन पडतं, पत्रा तापतो आणि ती उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात खाली सोडतो. पंखा कितीही फिरवा, किरणांना वारा लागत नाही. २०२४ च्या मे महिन्यात अकोला जिल्ह्यात उष्म्यापायी कलम १४४ लावलं होतं. ऊन अर्थातच जमावबंदी पाळत नाही.

*

कूलर. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ताटी बदला नाहीतर पंप बदला, झोत साधारण २३ अंशांखाली येणार नाही. पाण्याच्या बाष्पीभवनाची ती हद्द. जुलैत ३२ अंश आणि ८० टक्के असताना हीच हद्द २९ वर जाते. मग कूलर नुसता चिकचिकाट करतो.

*

इथल्या कापसाची रजाई ऊब देते ती धाग्यांत अडकलेल्या हवेमुळे. स्थिर हवेहूनही वरचढ काही हवं असेल तर एरोजेल, अतिसूक्ष्म छिद्रांचा घन पदार्थ. हवेतला रेणू दुसऱ्यावर आदळण्याआधी सुमारे ७० नॅनोमीटर जातो. एरोजेलची बहुतेक छिद्रं त्याहून अरुंद. शेजाऱ्याला उष्णता देण्याआधीच रेणू भिंतीवर आपटतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात ए. वेंकटेश्वर राव यांच्या प्रयोगशाळेने २००६ मध्ये वाकणारं, पाणी न धरणारं सिलिका एरोजेल केलं. एरवी हा पदार्थ बोटाने दाबला तरी फुटतो. अर्थात उष्णतारोधक फक्त वेळ काढतो. माणसं बसलेली बंद खोली आतूनच तापते. एकेक माणूस सुमारे १०० वॅटचा.

*

मूर्तिजापूरच्या शकुंतला रेल्वेचं वाफेचं इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला घडलं आणि १९९४ पर्यंत धावलं. वाफ १८० अंशांची धरली, तर उष्णता-इंजिनाची कमाल मर्यादा सांगणाऱ्या कार्नोच्या हिशेबाने जानेवारीच्या १५ अंशांच्या पहाटे फार तर ३६ टक्के उष्णतेचं काम करता येईल. मेमधल्या ४५ अंशांत ३०. प्रत्यक्षात वाफेच्या रेल्वे इंजिनांना दहाही जड जात. २००८ मध्ये संशोधकांनी सिलिकॉनच्या खडबडीत नॅनोतारांत उष्णतावहन शंभरपट घटवलं, वीजवहन फारसं न बिघडवता. वाया जाणाऱ्या उष्णतेची वीज करायला हे उत्तमच. पण कार्नोची रेषा त्यांनाही आहे.

*

खरी मजा छतावर. २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या आस्वथ रामन, शानहुई फान आणि सहकाऱ्यांनी चांदीवर हाफ्नियम ऑक्साइड व सिलिका यांचे सात थर चढवले. हा पृष्ठभाग ९७ टक्के ऊन परतवतो आणि ८ ते १३ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात उष्णता सोडतो. त्या पट्ट्यात कोरडं आकाश पारदर्शक असतं. भर उन्हात तो हवेपेक्षा जवळजवळ ५ अंश गार राहिला, तेही विजेशिवाय. यात उष्मागतिकीचा दुसरा नियम कुठेही मोडत नाही. पलीकडचं अवकाश उणे २७० अंशांचं आहे.

हाती येतात ते फार तर चौरस मीटरला शंभरेक वॅट. माध्यान्हीचं ऊन हजाराचं. त्यातलं दहा टक्के जरी मुरलं, तरी सगळी कमाई गेली. मेमधलं वऱ्हाडी आकाश याला चांगलं, जुलैचं नाही: बाष्प ती खिडकी बंद करतं. म्हणजे कूलर हरतो तेव्हाच हेही हरणार.

आणि धूळ. उन्हाळ्यातल्या एका वावटळीनंतर ९७ टक्के टिकतील कसे? पत्रा धुवायचा म्हटलं तर हा खारपाणपट्टा. बोअरच्या पाण्याने कूलरच्या ताट्यांवर क्षाराची पुटं चढतात, तीच इथेही चढतील.