मोत्याच्या हनुवटीखाली

महिन्यातून दोनदा, शनिवारी पहाटे मी अकोल्याहून अमरावतीला निघतो. मूर्तिजापूरला चहा घेतला की नऊच्या आत ऑपरेशन थिएटर. हा रस्ता पूर्वी असा होता, की निम्मे कंबरदुखीचे पेशंट त्यानेच धाडलेत, अशी आम्हा डॉक्टरांची थट्टा असे. मग जून २०२२ मध्ये लोणी ते माना ७५ किलोमीटर एकपदरी डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत उरकलं आणि गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला. ओपीडीतली रांग तेवढीच राहिली. कपाशी वेचणाऱ्या बाया, पाठीवर फवारणीचा पंप वाहणारे गडी, एसटीचे ड्रायव्हर.

मी भूलतज्ज्ञ. सी-आर्मच्या पडद्यावर एक्स-रे बघत मणक्यातल्या दबलेल्या नसेजवळ सुई न्यायची आणि सूज उतरवणारं औषध तिथेच सोडायचं, हे काम मी तरुण डॉक्टरांना शिकवतो. मी स्वतः शिकलो तेव्हा हाताच्या अंदाजाने शिकलो. सुई कुठे पोचली ते बोटांना कळतं, असा तेव्हा माझा विश्वास होता. पुढे पडद्यावर बघायला लागलो, तेव्हा बोटं किती खोटं बोलतात ते समजलं.

सुरुवातीला पेशंट नसतोच. जिलेटिनमध्ये बुडवलेला प्लॅस्टिकचा कणा असतो. यंत्र तिरपं केलं की पडद्यावर मणका कान टवकारलेल्या कुत्र्यासारखा दिसतो. पुस्तकं त्याला स्कॉटी म्हणतात, आमच्या पोरांनी त्याचं मोत्या केलंय. मोत्याच्या डोळ्याखाली, हनुवटीजवळ सुई न्यायची. ती ठिपक्यासारखी दिसली तर नेमकी किरणांच्या रेषेत चाललीय; रेघ दिसली तर भरकटली. सुईचं टोक एका अंगाने तासलेलं असतं, आणि तासलेल्या बाजूच्या उलट ती सरकते. हे हातात मुरायला वेळ लागतो. शिवाय ठिपक्यावरून खोली कळत नाही. त्यासाठी यंत्र आडवं फिरवून बघावंच लागतं. न बघता कुणी सुई पुढे रेटली, की मी मनगट धरतो. दुपारपर्यंत शिशाच्या एप्रनने आमच्याच कंबरा धरतात, ते वेगळं.

गेल्या हिवाळ्यात दर्यापूरकडच्या एक मावशी टेबलावर पालथ्या होत्या. "रात्रभर पायात कया येतात बाप्पा, निजू देत नाही," म्हणाल्या. सुई माझ्या विद्यार्थ्याच्या हातात होती. ठिपका सुरेख, खोली बरोबर. सिरिंज मागे ओढली, रक्त आलं नाही. त्याने औषधाकडे हात नेला.

"आधी रंग," मी म्हटलं.

पडद्यावर दिसणारं रंगद्रव्य त्याने थेंबभर सोडलं. ते नसेच्या कडेने रेंगाळायला हवं होतं. पाण्यात साखर विरघळावी तसं क्षणात दिसेनासं झालं. टोक रक्तवाहिनीत होतं. रक्त मागे आलं नाही म्हणजे सुई बाहेर आहे, असं धरून चालत नाही. मणक्याकडे जाणाऱ्या धमनीत कणांचं स्टेरॉइड गेलं, तर मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटून पाय कायमचे जाऊ शकतात.

सुई किंचित फिरवली, पुन्हा रंग. पुन्हा गायब.

"सर, अजून एकदा?"

"आज नाही. मावशींना तूच सांग."

रोज बुडवून आलेल्या बाईला 'आज औषध दिलं नाही' हे सांगणं त्याला सुईपेक्षा जड गेलं. त्या ऐकत राहिल्या. "मंग काहून टोचलं?" एवढंच विचारलं. तो स्टूल ओढून बसला, पडद्यावरचं चित्र दाखवत त्याने सगळं समजावलं. पंधरा दिवसांनी मावशी परत आल्या. या वेळी रंग नसेच्या कडेने उतरला, औषध गेलं, आणि काही दिवसांत त्यांना झोप लागू लागली. दबलेली नस सुईने सुटत नाही, सूज उतरते. तेवढ्या सवडीत व्यायामाने पाठ सावरायची असते.

त्या पहिल्या दिवशी त्याने लॉगबुकात लिहिलं होतं : 'रंग रक्तवाहिनीत. औषध दिले नाही.' त्याखाली मी लगेच सही केली.

वाचकहो, कंबरेत सुई घ्यायची वेळ आली तर दोनच प्रश्न विचारा : यंत्राखाली बघून देणार का? आणि आधी रंग सोडून बघणार का?